समोरच्या काकूंकडचं नाताळचं जेवण, आणि घरात झाड आणायचं की नाही

मावशी, नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरमधे राहते, घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. मुलगी मिशनच्या शाळेत जाते, तिला घरात ख्रिसमस ट्री पाहिजे, सांता पाहिजे, आठ दिवस डोकं खाल्लंय. सासूबाई म्हणतात आपल्या घरात देव्हारा आहे, ही परदेशी थेरं इथे नकोत. नवरा म्हणतो आणून टाक छोटंसं, काय फरक पडतो. त्यातून आमच्या मल्टीत समोरच्या फ्लॅटमधे मार्चपासून एक ख्रिश्चन कुटुंब राहायला आलंय, मराठीच आहेत, मूळ नगरकडचे. त्या काकू गणपतीत आमच्याकडे आरतीला येऊन बसल्या होत्या, दिवाळीत फराळाचा डबा दिला तर परत करताना त्यात पेरू भरून दिले. आता त्यांनी २५ तारखेला आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलंय. जावं का, काय न्यावं, काय बोलावं, सासूबाईंना काय सांगू? आणि मुलगी विचारते येशूचा जन्म बर्फात झाला का, सांता त्याचा आजोबा होता का, मला एकाचंही उत्तर येत नाही.

— एक आई

अगं बाई, तुझं पत्र दोनदा वाचलं. तू झाडापासून सुरुवात केलीस आणि आमंत्रण मागे ठेवलंस, मी मात्र आधी आमंत्रणाचंच बोलणार, झाडाचं मागून.

जायचं. सगळ्यांनी जायचं आणि सासूबाईंना घेऊन जायचं. बघ ना, त्या बाई नवीन गावात आल्या, ओळख ना पाळख, गणपतीत स्वतःहून येऊन आरतीला बसल्या आणि दिवाळीचा डबा रिकामा परत केला नाही, पेरू भरून दिला. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत, ती त्यांनी पाळली म्हणजे त्या घराचं वळण तुला कळलं की नाही? ज्यांच्या बदल्यांच्या नोकऱ्या असतात त्यांना विचार, नवीन गावातला पहिला मोठा सण किती सुना जातो, दारावरची बेल वाजतच नाही. त्यांनी तुम्हाला बोलावलंय ते तुम्ही ख्रिश्चन व्हावं म्हणून नाही गं, सणाच्या दिवशी घर भरलेलं असावं म्हणून बोलावलंय.

आता सासूबाई. तू लिहिलेल्या त्यांच्या त्या एका वाक्यात मला राग नाही दिसत, काळजी दिसते. देव्हारा आहे म्हणाल्या ना, म्हणजे त्यांना वाटतंय की एक वस्तू आत आली की दुसरी बाहेर जाईल, नात उद्या शुभंकरोति म्हणेल की नाही. ही काळजी खोटी म्हणून उडवून लावू नकोस. पण "परदेशी" या शब्दाबद्दल त्यांच्याशी बोल, भांडायला म्हणून नको, दुपारी भाजी निवडताना वगैरे बोल. येशूचा जन्म बेथलेहेमचा, ते युरोपात नाही, आशियात आहे, जेरुसलेमपासून जेमतेम दहा किलोमीटर. आणि नाताळ मराठीत आला त्याला काही आजकालचे दिवस नाही झाले. नाताळ हा शब्दच पोर्तुगीज नातालवरून आलाय, नाताल म्हणजे जन्म, वसई-गोव्याकडून तो आपल्या बोलण्यात आला आणि असा रुळला की परका वाटतच नाही. फादर थॉमस स्टीफन्स म्हणून एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ ला गोव्यात आले, तिथलेच झाले, आणि त्यांनी येशूची सगळी कथा मराठी ओव्यांमधे लिहिली, ख्रिस्तपुराण, १६१६ मधे छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. १६१६ म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी! मराठी भाषेचं जे कौतुक त्या माणसाने त्यात केलंय ते अजून शाळेत शिकवतात. नंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक, तेच फुलामुलांचे कवी, १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि त्यांनी येशूवर अभंग लिहिले, कीर्तनं केली, टाळ-मृदंगाचा बाज तसाच ठेवून. टिळकांचं बरंचसं काम नगरलाच झालं. तेव्हा काकूंकडे २५ ला पेटी-तबल्यावर मराठी भजन ऐकू आलं तर चकित होऊ नका, सासूबाईंना तर चाल ओळखीची वाटेल.

आणि अजून एक सांग त्यांना, मला वाटतं हे त्यांना सगळ्यात जास्त पटेल. नगर जिल्हा म्हणजे अहिल्याबाईंचं माहेर, चौंडी तिथलीच, आता तर जिल्ह्याचं नावच अहिल्यानगर झालंय. म्हणजे काकू देवींच्या माहेरच्या मुलखातून त्यांच्या सासरी आल्यात. इंदूरच्या बाईने माहेरच्या माणसाला दारातून परत पाठवायचं का? नाही ना.

मी लहान असताना आमच्या वाड्याच्या मागच्या बाजूला एक नर्सबाई राहायच्या, ख्रिश्चन, मराठी. २० तारखेच्या आसपास संध्याकाळी त्या आम्हा मुलांना बोलवायच्या, आधी साबणाने हात धुवायला लावायच्या आणि मग प्रत्येकापुढे मैद्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या ठेवायच्या. एक कोरा करकरीत कंगवा असायचा, खास त्याच कामाचा, वर्षभर डब्यात जपून ठेवलेला. गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि मग हलकेच गुंडाळत आणायची की तिच्यावर अशा रेघारेघा उठायच्या, शंखासारखं दिसायचं, त्याला कुलकुल म्हणतात. कुणाचं फाटायचं, कुणाचं जाड व्हायचं, बाई काही म्हणायच्या नाहीत, जाड झालेलं शेवटी तळायच्या म्हणजे ते मंद आचेवर नीट खुसखुशीत व्हायचं. शेजारी करंज्या आणि शंकरपाळे पण असायचे, अगदी आपल्या दिवाळीसारखे. त्या वयात मला वाटायचं की यांची दिवाळी थंडीत येते. माझी आई सोवळ्यातली, ती स्वतः तिथे खायची नाही, पण आम्हाला कधी अडवलं नाही आणि संक्रांतीला पहिला तिळगूळ त्या बाईंच्या घरी जायचा. ते वाड्याचं मागचं दार मला आजही डोळ्यासमोर दिसतं.

आता मुलीचे प्रश्न. ते खरंच चांगले आहेत, टाळू नकोस.

गोष्ट अशी सांग. मरिया आणि योसेफ नाझरेथचे, सरकारी नोंदणीसाठी त्यांना बेथलेहेमला जावं लागलं, दिवस भरलेले, उतरायला जागाच मिळाली नाही, तिथेच बाळ झालं आणि त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालतात ती, हे मात्र आजच्या मुलांना सांगावं लागेल, आजी नीट सांगतील. सगळ्यात आधी बातमी कळली ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना, राजाला नाही, पुजाऱ्याला नाही, हा भाग मला फार आवडतो. मग पूर्वेकडून ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागे चालत आले, त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस दिला. ऊद म्हणजे आपण निखाऱ्यावर टाकतो तो धूपच समज. आणि हेरोद राजाला कळलं की नवा राजा जन्मलाय तेव्हा त्याने बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुलं मारायचा हुकूम दिला, आई-बाप बाळाला घेऊन इजिप्तला पळाले. इथे आल्यावर तुझ्या सासूबाईच म्हणतील हे तर कंसासारखं झालं. एकावरून दुसरं आलं असं मी म्हणत नाहीये, पण गुरं, गवळी-मेंढपाळ, रात्री बाळ घेऊन निघालेला बाप, हे ऐकताना गोकुळाष्टमी केलेल्या बाईला काही परकं वाटणार नाही. बायबलमधे येशूच्या चरित्राची चार पुस्तकं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात, ही गोष्ट त्यातल्या मत्तय आणि लूक या दोन्हीत आहे, बाकीच्या दोन्हीत जन्माची हकीकत नाहीच, आणि ज्ञानी लोक तीन होते असं कुठेच लिहिलेलं नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली गेली. गोठ्यातला बैल आणि गाढव पण त्या गोष्टीत नाहीत, ते नंतर चित्रकारांनी आणि भाविकांनी आणून बसवले, आणि बरं केलं, त्यांच्याशिवाय गोठा कसा वाटणार.

बर्फ नव्हता, म्हणजे बर्फाचा उल्लेखच नाही. बेथलेहेम डोंगरावर आहे, आपल्या इंदूरपेक्षा उंच, तिथे डिसेंबरात चांगली थंडी असते पण बर्फ क्वचितच पडतो. कार्डावरचा बर्फ हा इंग्लंड-जर्मनीकडचा.

तारखेचं विचारलं नाहीयेस, पण मुलगी आज ना उद्या विचारेल. २५ डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमधे, नाही. रोममधे ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा नोंदवहीत ती सापडते आणि त्यातली नोंद ३३६ सालची धरतात, म्हणजे येशूनंतर तीनशे वर्षं. का हीच तारीख, यावर दोन मतं आहेत. एक असं की रोममधे त्याच दिवशी अजिंक्य सूर्याचा उत्सव होता, थंडीतला सगळ्यात लहान दिवस उलटून सूर्य पुन्हा चढायला लागतो त्या सुमाराचा, त्या दिवसाला नवा अर्थ दिला गेला. दुसरं मत हिशोबाचं, की मरियेला गर्भ राहिला तो दिवस २५ मार्च धरायचे, त्यात नऊ महिने मिळव. विद्वान अजून भांडतात. आणि सगळे ख्रिश्चन पण २५ ला करत नाहीत, आर्मेनियन लोक ६ जानेवारीला करतात, रशियात ७ जानेवारीला, कारण त्यांचं चर्च जुन्या ज्युलियन कॅलेंडरने चालतं आणि ते आता तेरा दिवस मागे आहे. सासूबाईंना हे एका वाक्यात कळेल, कॅलेंडरमधे एकादशी दोन दिवस असते ना, एक स्मार्त एक भागवत, तसंच धरा म्हणावं.

सांताचं उत्तर तर फारच सुंदर आहे. तो आजोबा नव्हता, तो येशूच्या तीनशे वर्षांनंतरचा. निकोलस नाव, मायरा गावचा बिशप, आज ते गाव तुर्कस्तानात आहे, देम्रे म्हणतात. म्हणजे विठोबाचे जसे संत तसा तो येशूचा एक संत, असं मुलीला सांग, तिला बरोबर कळेल. त्याची जी गोष्ट सांगतात ती अशी की एका गरीब बापाच्या तीन मुली होत्या, हुंड्याला पैसा नव्हता, लग्नं होईनात, मुलींना विकायची वेळ आली होती, तर निकोलसने रात्री गुपचूप येऊन खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, एकदा नाही, तीन मुलींसाठी तीनदा, आणि आपलं नाव कळू दिलं नाही. हुंड्यापायी काय काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको, त्यामुळे ही गोष्ट मी कधीही सांगितली की ऐकणारी बाई गप्पच होते. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. हॉलंडमधे त्याला सिंटरक्लास म्हणायला लागले, डच लोक न्यूयॉर्कला गेले, तिथे त्याचा सांताक्लॉज झाला, १८२३ च्या एका इंग्रजी कवितेने त्याला आठ रेनडिअरची गाडी दिली, मग थॉमस नास्ट नावाच्या चित्रकाराने त्याला जाडजूड हसरा काढला, आणि १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी तो लाल कोटवाला जगभर पोचवला. लाल कोट त्यांनी शोधला असं लोक म्हणतात, ते खरं नाही, आधीही तो लाल कपड्यात दिसायचा. तर मुलीला सांता पाहिजे ना? मग तिला टोपी नको घेऊन देऊ, तिच्याकडून एक गुपचूप भेट करवून घे. मल्टीच्या वॉचमनकाकांना मोजे, किंवा कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला रंगपेटी, दाराशी ठेवून यायची आणि कुणाला सांगायचं नाही. सात वर्षांच्या मुलीला गुपित सांभाळायला फार आवडतं आणि खरा निकोलस हाच आहे.

आता झाड. झाडाचा येशूच्या जन्माशी मुळात काही संबंध नाही. ही जर्मन लोकांची रीत, स्ट्रासबर्गच्या १६०५ च्या एका वर्णनात आहे की लोक दिवाणखान्यात सूचिपर्णी झाड उभं करतात आणि त्याला रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, साखरेच्या वस्तू लटकवतात. २४ डिसेंबर हा तिकडे आदाम-हव्वेचा दिवस मानायचे, सफरचंदं तिथून आली असावीत असं सांगतात. इंग्लंडात झाड घरोघरी गेलं ते व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट जर्मन होता म्हणून, १८४८ मधे राणीचं कुटुंब झाडाभोवती उभं असलेलं चित्र लंडनच्या पेपरात छापून आलं आणि मग काय, सगळ्यांना झाड पाहिजे. झाडाची पूजा कुणीच करत नाही, ती शोभा आहे, तोरण-रांगोळीसारखी. हे सासूबाईंना सांगायला हरकत नाही, देव्हाऱ्याशी त्याची काही स्पर्धा नाही.

पण ऐक, त्यांचा जो शब्द आहे ना, थेरं, तो काही त्यांनी एकट्यांनीच वापरलाय असं समजू नकोस. कडक शिस्तीच्या ख्रिश्चनांनी स्वतः हेच म्हटलंय. इंग्लंडात प्युरिटन लोकांचं राज्य आलं तेव्हा पार्लमेंटने १६४७ ला नाताळ बंदच केला, खाणंपिणं आणि धिंगाणा हा धर्म नाही म्हणून, आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला १६५९ ते १६८१ नाताळ करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमधे तर सुट्टी १९५८ पासून मिळायला लागली. म्हणजे सण किती करायचा, काय घरात आणायचं काय नाही, हा वाद ख्रिश्चन घरांतही झालेला आहे, तुझ्या सासूबाई त्यात एकट्या नाहीत, आणि हे त्यांना सांगितलंस तर त्यांनाही बरं वाटेल.

माझं मत विचारशील तर यावर्षी झाड आणू नकोस. झाड वाईट आहे म्हणून नाही. नवरा म्हणतो काय फरक पडतो, फरक पडतो रे बाबा, एका माणसाने मनापासून नको म्हटलेली वस्तू गुपचूप हॉलमधे आणून ठेवली तर मुलगी त्यातून काय शिकेल, की आजी बोलत राहते आणि आपण आपलं करायचं? आणि प्लॅस्टिकचं झाड राजवाड्याच्या बाजारात कधीही मिळतं, पुढच्या वर्षी पण मिळेल. समोरच्या फ्लॅटमधे खरा सण आहे, तिथे काकूंचं झाड असेल, त्यांना विचार की आमची मुलगी सजवायला आली तर चालेल का, त्या आनंदाने हो म्हणतील. तुळशीला दिवे-चेंडू लटकवायची एक फॅशन बघते मी आजकाल, ती मात्र अजिबात करू नकोस, त्यात ना तुळस राहते ना नाताळ.

त्याऐवजी घरी एक चांदणी करा. ख्रिश्चन घरांवर डिसेंबरात कागदाची चांदणी लटकते ना, ती त्या ज्ञानी लोकांनी पाहिलेल्या ताऱ्याची आठवण. करायची पद्धत अगदी आकाशकंदिलाची, बांबूच्या दहा काड्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकमेकींवर ठेवून टोकं दोऱ्याने घट्ट बांधायची, मधे पाच छोट्या काड्या उभ्या अडकवायच्या म्हणजे पोट फुगतं, आणि वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा. संक्रांत जवळ आली की इंदूरात पतंगाचा कागद काय, ढीगभर मिळतो. खळ आजोबांना करू दे, मैदा-पाणी मंद आचेवर. आत एलईडीच लाव, आमच्या वेळी साधे पिवळे बल्ब असायचे आणि माझ्या भावाने केलेली पांढरी चांदणी २४ च्या रात्री तापून भुरकन पेटली होती, सगळी गल्ली पाणी घेऊन धावली. तर ही चांदणी मुलीने आणि आजोबांनी मिळून करायची आणि काकूंना भेट न्यायची. आकाशकंदील करायला सासूबाई नाही म्हणणार नाहीत, मी लिहून देते.

आणखी काय न्यावं म्हणतेस तर सासूबाईंच्या हातचं काहीतरी. त्यांना जाऊन सांग की आई, पेरूचा डबा अजून आपल्याकडून फिरलेला नाही, तुमचे तिळाचे लाडू करूया. हुकूम सोडल्यासारखं नको, खरंच विचार. बाईच्या हातचा पदार्थ ज्या घरी जातो त्या घरी तिचं अर्धं मन आधीच पोचलेलं असतं. फुलं न्या, फळं न्या. महागडा गिफ्ट बॉक्स नको, काकूंना परतफेडीचं ओझं होईल.

जेवणाचं आधीच स्पष्ट बोल, लाजू नकोस. त्यांच्याकडे मटण-बिर्याणी असू शकते, तुमच्याकडे कोण काय खातं ते दोन दिवस आधी सांग, काकू, आई शाकाहारी आहेत आणि अंडं पण चालत नाही. केकमधे अंडं असतं, प्लम केकच्या मनुका कधीकधी रममधे भिजवलेल्या असतात, तेही विचारून घे, विचारल्याचा राग कुणाला येत नाही, ताटात टाकल्याचा येतो. सासूबाई फक्त चहा घेऊन बसल्या तरी चालेल, त्यांनी यावं हे महत्त्वाचं.

तिथे गेल्यावर मेरी ख्रिसमस म्हण नाहीतर नाताळच्या शुभेच्छा म्हण, दोन्ही छान. पण एक गोष्ट कुणीही विचारायची नाही, सासऱ्यांना पण सांगून ठेव. तुम्ही कधी बदललात, आधी कोण होतात, आडनाव तर आपल्यातलंच दिसतंय. आपण सहज विचारतो गं, पण त्यांनी हे आयुष्यभर प्रत्येक नवीन ओळखीत ऐकलेलं असतं, आणि सणाच्या दिवशी आपल्याच घरात बसून आपण मराठी कसे याचा हिशोब द्यावा लागणं फार दुखतं. नर्सबाईंना आमच्याकडच्या एका पाहुण्यांनी हे विचारलं होतं, बाई हसून बोलल्या सगळं, पण नंतर बरेच दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. विचारायचंच असेल तर विचार, काकू, तुमच्या लहानपणी नगरला नाताळ कसा असायचा. बघ मग, तास कसा गेला कळणार नाही.

मुलीला चर्च बघायचं असेल तर काकूंनाच विचार कुठे जातात, त्यांच्याबरोबर जा. कॅथलिकांचा मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, २४ च्या रात्री असतो, बाकीच्यांची उपासना बहुतेक २५ च्या सकाळी. कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसू शकतं. फक्त पुढे रांग लागते ती प्रभुभोजनाची, म्हणजे आशीर्वाद दिलेली भाकर घ्यायची, आपल्याला वाटतं प्रसाद आहे आणि आपले लोक भाबडेपणाने रांगेत उभे राहतात, तो त्यांच्यात बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतो, तेव्हा आपण जागेवर बसून राहायचं. फोटो काढत फिरायचं नाही. आणि आपलं रेड चर्च आहे ना, ते असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचं आहे, मुलीला तिथला गोठा दाखव आणि सांग की गोठ्याचा देखावा करायची रीत याच फ्रान्सिसने लोकप्रिय केली, १२२३ साली इटलीत ग्रेच्चो नावाच्या खेड्यात, खरा बैल, खरं गाढव, खरं गवत आणून, कारण त्याला वाटायचं की ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही दिसलं पाहिजे की बाळ किती गरिबीत जन्मलं. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना हे लगेच कळतं. सासूबाईंना मनापासून वाटलं तर येतील, नाही तर राहू दे, जेवणाला आल्या ते पुष्कळ झालं.

आणि नवऱ्याला म्हणावं आईशी तू बोल. आई त्याची आहे. त्याने शेजारी बसून म्हटलं पाहिजे की आई, काकूंनी बोलावलंय, तू आलीस तर मला आवडेल. हे सुनेने सांगितलं तर ते सुनेचं होतं, मुलाने सांगितलं तर घराचं होतं. सासरेबुवा इंदूरचेच असतील तर त्यांच्या ओळखीत ख्रिश्चन कॉलेजला शिकलेलं कुणी ना कुणी निघेलच, १८८७ पासूनचं कॉलेज आहे ते, कॅनडाच्या मिशनऱ्यांनी काढलेलं, किशोरकुमार तिथलेच, सासऱ्यांकडून पण आठवणी निघतील, निघू दे.

२५ ला जमलं नाही, कुणी आजारी पडलं, पाहुणे आले, तर वाईट वाटून घेऊ नकोस, नाताळचे दिवस ६ जानेवारीपर्यंत चालतात, ज्ञानी लोक येऊन पोचले त्या सणापर्यंत, मधे कधीही जाऊन या, फक्त काकूंना आधी कळव, त्यांनी जेवणाची तयारी केलेली असणार.

काड्या बांधायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर वाकवताना तुटतात. आणि जाऊन आलात की मला लिही, सासूबाई आल्या का, आणि काकूंचे कुलकुल पाकातले होते की नुसती पिठीसाखर भुरभुरलेली, नर्सबाई पाकातले करायच्या.